डेन्व्हरचा कबुलीजबाब

2011 साली अमेरिकेतल्या एका घरात काढलेला छोटासा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि बघता बघता लाखो लोकांपर्यंत पोचला. प्रसंग अगदी घरगुती. मांजराच्या खाऊची पिशवी कुणीतरी फस्त केली आहे. घरात कुत्री दोन, मॅसी नावाचं गोल्डन रिट्रीव्हर आणि डेन्व्हर नावाचं पिवळं लॅब्रॅडोर. मालक रिकामी पिशवी घेऊन आधी मॅसीपाशी जातो आणि विचारतो, हे तुझं काम का? मॅसी ढिम्म. मग स्वारी डेन्व्हरकडे वळते. डेन्व्हर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. पिशवी पुढे आली की ते डोळे किलकिले करतं, मान फिरवतं, शेपटी हलवतं आणि मालक पिच्छा सोडत नाही तेव्हा वरचा ओठ उचलून दात दाखवतं. खटला तिथेच संपतो. आरोपी दोषी, शिक्षा पिंजऱ्यात जाण्याची, आणि डेन्व्हर गपगुमान पिंजऱ्यात जातं.

बघणाऱ्यांनी याचे दोन अर्थ काढले. काहींच्या मते ते ओशाळलं होतं, चोरी पकडली गेल्याचं त्याला कळलं होतं. काहींच्या मते ते चक्क हसत होतं, शाळेत उशिरा पोचलेलं पोर बाईंकडे बघून हसतं तसं. आपल्याकडेही असे व्हिडिओ घरोघरी निघतात. कुरतडलेली चप्पल कुत्र्यापुढे धरायची, ‘कुणी केलं हे?’ म्हणून दरडावायचं आणि त्याचा चेहरा टिपून फॅमिली ग्रुपवर टाकायचा. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. म्हणून हे एक प्रकरण नीट तपासून बघण्यासारखं वाटतं. त्यातली खरी गोम अशी की पिशवी डेन्व्हरने फोडल्याचं त्या व्हिडिओत कुठेही दिसत नाही. सगळा खटला एका चेहऱ्यावर चालला आहे.

आवाज बंद करून

मालकाचा सूर मिश्कील आहे. तो ऐकत ऐकत बघितलं की आपण नकळत त्याच्या बाजूने बघायला लागतो. आवाज बंद केला की चित्र बदलतं. एक मोठा प्राणी दुसऱ्यावर रोखून बघतोय, हातातली वस्तू त्याच्या नाकाशी नेतोय, आणि त्या दुसऱ्याला मागे सरकायला जागा नाही. डेन्व्हर जे काही करतं, ते या परिस्थितीत करतं. पिशवी लांब असताना ओठ जागेवर असतो, दबाव वाढतो तसा तो उठतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अपराधाची जाणीव असती तर ती पिशवीच्या अंतरावर कमीजास्त व्हायचं कारण नव्हतं.

चेहरा वाचताना आपली पहिली चूक भाषेत होते. आपण ‘ओशाळला’ म्हणतो, ‘हसला’ म्हणतो, म्हणजे निकाल आधीच देऊन मोकळे होतो. ती टाळण्यासाठी संशोधकांनी एक पद्धत काढली. माणसाच्या चेहऱ्यावरच्या हालचाली स्नायूंनुसार नोंदवण्याची पद्धत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी 1978 मध्ये मांडली होती. तिच्या धर्तीवर 2013 मध्ये कुत्र्यांसाठी ‘डॉगफॅक्स’ तयार झाली. तिच्यात आनंद, राग, लाज असे शब्द नाहीत. भुवईचा आतला कोपरा वर, वरचा ओठ वर, ओठांचे कोपरे मागे, कान चपटे, नाक चाटलं, एवढंच. डेन्व्हरचा चेहरा या पद्धतीने लिहायचा तर डोळे मिटते, मान बाजूला, वरचा ओठ वर. बस्स. आता या तीन हालचाली एकत्र कधी येतात, ते शोधायचं.

कुत्री सांभाळणाऱ्या लोकांना हे दात चांगले ठाऊक असतात. काही कुत्री घरचं माणूस आल्यावर असेच दात काढतात. डाल्मेशियन त्यासाठी प्रसिद्धच आहेत. अंग खाली, कान मागे, डोळे बारीक, सगळा मागचा भाग शेपटीसकट हलतोय आणि वर पांढरेशुभ्र दात. नवखा पाहुणा दारातच थबकतो आणि घरचे सांगतात, अहो काही करत नाही तो, हसतोय. चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविर्भावांवरच्या 1872 च्या पुस्तकात याची दखल घेतली आहे. ओठ गुरगुरताना उठतो तसाच उठतो, सुळे दिसतात, पण एकूण अवतारावरून राग नाही हे स्पष्ट कळतं, असा त्याचा मथितार्थ. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या मेडा नावाच्या कुत्र्याला ही सवय होती, अशीही नोंद तिथे आहे.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच एक गोष्ट लक्षात आली होती. दात तेच, पण बाकीचं शरीर वेगळं. चिडलेल्या कुत्र्याच्या नाकावर सुरकुत्या पडतात, अंग ताठ होतं, वजन पुढच्या पायांवर येतं, नजर हलत नाही. दात दाखवून नमतं घेणाऱ्या कुत्र्याचं वजन मागे असतं, अंग वाकतं, नजर समोरच्याला टाळते. आजकाल याला शरणागतीचं दात विचकणं म्हणतात. माझ्यापासून धोका नाही, जरा सबुरीने घ्या, असा त्याचा रोख. माणसाच्या हसण्याशी याचं अगदीच नातं नाही असं मात्र म्हणवत नाही. साहेबांपुढे उभ्या असलेल्या कारकुनाच्या चेहऱ्यावरही दात दिसतात, आणि ते आनंदाचे नसतात.

एक भर घालायला हवी. या दातांवर घरची माणसं हसतात, लाड करतात, रागावलेलं माणूस विरघळतं. कुत्र्याला हे दोन-चार वेळांत समजतं. मग भीती नसतानाही तेच दात स्वागताला बाहेर येतात. दारात दात काढणारा डाल्मेशियन घाबरलेला असेलच असं नाही. मुळात विनवणीची असलेली खूण सवयीने गोंडा घोळण्याचा भाग होऊन जाते. डेन्व्हरच्या बाबतीत मात्र बाकीचं अंग बघता ही विनवणीच आहे.

होरोविट्झ यांचा प्रयोग

डेन्व्हर प्रसिद्ध होण्याच्या दोन वर्षं आधीच या खटल्यातली सर्वांत वजनदार साक्ष छापून आली होती. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 14 पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, खायचा नाही म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे राहिलेल्या संशोधिकेने कधी तो खाऊ कुत्र्याला खाऊ द्यायचा, कधी उचलून घ्यायचा. मालक परत आला की त्याला सांगायचं, खाल्ला किंवा नाही खाल्ला. यात मेख अशी की कधी खरं सांगायचं, कधी खोटं. खाल्ला म्हटलं की मालकाने कुत्र्याला रागवायचं, नाही म्हटलं की प्रेमाने भेटायचं. सगळं चित्रित केलं आणि ‘अपराधी’ समजल्या जाणाऱ्या हालचाली मोजल्या: नजर चुकवणं, कान पाडणं, अंग चोरणं, ओठ चाटणं, शेपूट खाली घालून हलवणं.

खाऊ खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या कुत्र्यांत फरक आढळला नाही. फरक पडला तो मालक रागावला की नाही यावर. आणि ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं अशा कुत्र्यांना बोलणी बसली तेव्हा तो अपराधी चेहरा सर्वांत ठळक होता. निरपराध आरोपीच जास्त अपराधी दिसला! आपल्याकडे चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणं मालकाच्या मनात होतं.

या प्रयोगाचा पुढे भलताच अर्थ लावला गेला. कुत्र्यांना अपराधी वाटतच नाही हे सिद्ध झालं, असं अनेकांनी ठोकून दिलं. तसं काही सिद्ध झालेलं नाही आणि होरोविट्झ यांचाही तसा दावा नाही. त्या चेहऱ्यावरून अपराध ओळखता येत नाही, एवढंच यातून निघतं. डेन्व्हरच्या खटल्याला तेवढं पुरे आहे.

मग मॅसी का शांत?

हुशार वाचक इथेच अडवेल. रागावल्यामुळे चेहरा तसा होत असेल, तर तीच पिशवी, तोच माणूस, तोच प्रश्न असताना मॅसी निवांत कसं राहिलं? व्हिडिओचा सगळा जोर याच तुलनेवर आहे, आणि हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

पहिली गोष्ट, दोघांना मिळालेली वागणूक सारखी नाही. मॅसीला एक प्रश्न विचारून मालक पुढे जातो, डेन्व्हरपुढे ठाण मांडतो. दुसरी, स्वभाव. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक आवाज चढला की रडतं आणि दुसरं कानाआड करतं. तिसरी गोष्ट मला सर्वांत जड वाटते. पिंजऱ्याची शिक्षा डेन्व्हरला नवी नव्हती, हे मालकाच्या बोलण्यावरूनच कळतं. फाटलेली पिशवी अधिक रागावलेला मालक म्हणजे पुढे काहीतरी वाईट, हे गणित त्याला आधीच्या अनुभवाने पाठ झालेलं असू शकतं.

पण ते गणित म्हणजेच अपराधाची जाणीव नव्हे का? नव्हे, आणि याला जुना दाखला आहे. पीटर वॉल्मर यांनी 1977 मध्ये एका कुत्रीची हकिगत छापली. मालक बाहेर गेला की ती कागद फाडून ठेवायची आणि तो परतल्यावर अंग चोरून बसायची, म्हणून तिला आपली चूक कळते अशी मालकाची खात्री. तेव्हा मालकाने कुत्रीला बाहेर काढून स्वतःच कागद फाडले, तिला आत घेतलं आणि थोड्या वेळाने घरात आला. कुत्री तशीच अंग चोरून बसलेली! कागद कुणी फाडले याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. जमिनीवर कागद आणि दारात मालक, एवढी जुळणी पुरेशी होती.

नंतरही या प्रश्नाचा पाठपुरावा झाला. बुडापेस्टच्या संशोधकांबरोबर ज्युली हेक्ट यांनी 2012 मध्ये आणि ल्येर्का ओस्तोयिच व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये असंच तपासलं, की मालक आत येताक्षणी, म्हणजे रागावण्याच्या आधी, नुसत्या वागण्यावरून कुत्र्याने आगळीक केली की नाही ते ओळखता येतं का. ओळखता येतं असं म्हणायला भक्कम आधार मिळाला नाही.

तेव्हा डेन्व्हरने खाऊ खाल्ला असेलही. लॅब्रॅडोरची खादाडी सर्वश्रुत आहे. पण मॅसीने खाल्ला असता तरी डेन्व्हरचा तोच चेहरा निघाला असता ही शक्यता खोडून काढायला त्या व्हिडिओत काहीही नाही.

दुसरं हसू, उन्हाचं आणि फटाक्यांचं

डेन्व्हरचे दात हा ‘हसण्या’चा एक प्रकार. फोटोंमध्ये जास्त दिसतो तो दुसरा: तोंड उघडं, जीभ बाहेर, ओठांचे कोपरे मागे. हे हसू बरेचदा खरोखरच सुखी कुत्र्याचं असतं, खेळून दमलेलं, सैलावलेलं. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी उष्णता धापा टाकूनच घालवावी लागते. त्यामुळे मे महिन्यात अकोल्याच्या अंगणात ल्हा ल्हा करत पडलेला कुत्रा ‘किती हसरा’ दिसला, तरी त्याला सावली आणि पाणी हवं असतं.

दिवाळीचे फोटो याहून फसवे. रांगोळीशेजारी गळ्यात झेंडूची माळ घातलेला कुत्रा, तोंड रुंद उघडलेलं. जवळून बघितलं तर जीभ ताणलेली, तोंडाच्या कोपऱ्याशी कातडीच्या घड्या, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. बाहेर लवंगी माळा चालू आहेत. असं तोंड भीतीने धापा टाकणाऱ्याचं. सुखी कुत्र्याची जीभ सैल लोंबते आणि मधेच तोंड मिटून तो इकडेतिकडे बघतो, घाबरलेल्याला तेवढीही उसंत नसते.

ओठांवरून आनंद ओळखण्याचा आपला हट्ट इथे आड येतो. कातिया कायरू आणि लिंकन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये माणसं आणि कुत्री सारख्याच प्रकारच्या भावनिक प्रसंगांत चेहऱ्याने काय करतात ते ताडून पाहिलं. दोघांचे चेहरे वेगवेगळं काम करतात असं आढळलं. दुसऱ्या एका अभ्यासात 29 लॅब्रॅडोरना खाऊची वाट पाहायला लावली. मिळणार अशी आशा असताना कान एकमेकांकडे ओढले गेले. खाऊ अडवला तेव्हा ओठ विलग झाले, जबडा खाली आला, नाक चाटलं गेलं, कान चपटे झाले. तोंड उघडलं ते वैतागाने! आपण त्यालाच हसू म्हटलं असतं.

मग आनंद कुठे शोधायचा? इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांच्या शेपट्या मोजल्या. मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकत होती, दांडगा अनोळखी कुत्रा दिसला की डाव्या. नुसत्या डोळ्यांना हे टिपणं अवघड, पण शेपटी हलली म्हणजे खूश, हे समीकरण मात्र त्याने मोडीत निघालं. जपानमध्ये नागासावा, किकुसुई आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक, वाढतं. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. आणि खिदळण्याला काही समांतर शोधायचंच तर ते चेहऱ्यावर नाही, श्वासात आहे. खेळताना कुत्री एक वेगळाच, जोराने सोडलेला ‘हःह, हःह’ श्वास टाकतात, असं पॅट्रिशिया सिमोनेट यांनी 2001 मध्ये नोंदवलं. पुढचे पाय पसरून, कंबर वर करून समोरच्याला खेळायला बोलावणारं कुत्रं दिसलं तर कान देऊन ऐका.

बघणारा असेल तरच

डेन्व्हरचा चेहरा भावना म्हणून बघावा की निरोप म्हणून? पोर्ट्समथ विद्यापीठातल्या युलियाने कामिन्स्की यांनी 2017 मध्ये 24 कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात समोरचं माणूस तोंड करून बघत असताना कुत्र्यांनी चेहऱ्याच्या हालचाली जास्त केल्या, पाठ फिरवली की कमी. हातात खाऊ असण्या-नसण्याने तसा फरक पडला नाही. म्हणजे हा चेहरा निदान काही अंशी कुणासाठी तरी केलेला असतो. 2019 मध्ये त्यांच्याच गटाने लांडग्यांच्या आणि कुत्र्यांच्या चेहऱ्यांचं विच्छेदन करून भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांत ठळक असल्याचं दाखवलं. लांडग्यांत त्या जागी स्नायूचे विरळ धागे. ते काळीज विरघळवणारे डोळे करण्याचं यंत्र माणसाच्या सहवासातच घडत गेलं असावं, असा त्यांचा तर्क.

हे फक्त सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांपुरतं नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांना असं दिसलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार कुरवाळणं जास्त उपयोगी पडतं. चहाच्या टपरीवर रोज त्याच माणसाच्या पायाशी येऊन बसणारा गल्लीतला मोत्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता डेन्व्हरच्या मालकाच्या जागी उभे राहून काय करायचं ते. पिशवी नाकाशी नेऊन विचारणा करण्यात काही हशील नाही. खाल्ल्याला तास उलटून गेलेला असेल तर कुत्रं शिक्षेचा संबंध खाण्याशी नाही, तुमच्या येण्याशी जोडतं. मांजराचा खाऊ वरच्या फडताळात गेला की अर्धं प्रकरण मिटलं. कोण खातंय ते कळायलाच हवं असेल तर कॅमेरा लावावा, तोही रिकाम्या खोलीत.

लहान मुलं घरात असतील तर जास्त जपायला हवं. ‘बघ, हसतोय’ म्हटलं की मूल गळ्यात पडतं, आणि नेमक्या त्याच क्षणी कुत्रं सुटकेची वाट शोधत असतं. दात दिसले की आधी अंगाकडे बघा. अंग सैल आणि नजर टाळलेली असेल तर दोन पावलं मागे या, तिरपे उभे राहा, रोखलेली नजर काढून घ्या. दबाव गेला की ओठ आपोआप खाली येतो. नाकावर सुरकुत्या असतील आणि अंग लाकडासारखं थिजलं असेल तर हात पुढे करू नका, मुलाला शांतपणे बाजूला घ्या, आणि कुत्र्याच्या जाण्याच्या वाटेत उभे राहू नका.